डावी कूस, उजवी कूस

बैलूरच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या खोडाला
गुडघाभर उंचीवर मी कॅमेरा बांधतो.
खरं तर दोन बांधायचे, समोरासमोर,
कारण एका कुशीवरचे ठिपके
दुसऱ्या कुशीवर तसे नसतात.
आमच्या वाट्याला एकच आला.
दुसऱ्याची फाईल बेळगावात फिरतीय,
तीन वर्षं झाली.

म्हणून माझ्याकडं तिची डावी बाजू तेवढी आहे.
खांद्याखाली तीन ठिपके, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले,
आणि मांडीवर एक अर्धा, पुसायचा राहिलेला.
कन्नडात रिपोर्ट लिहितो: चिरते, हेण्णु, क्रमांक अकरा.
घरी सांगतो, अकराबाई येऊन गेली आज.
बायको भाकरी उलटत म्हणते,
सांग तिला, कुत्रं तेवढं ठेव आमचं.

अमावस्येला ठकूबाई झोरेची शेळी गेली.
पंचनाम्याला मी दगडावर बसलो, ती उभीच.
रंग?
पांढरी. डावा कान काळा. पण उजवीकडनं बघशील
तर पोटावर तांबूस डाग, हाताच्या पंज्याएवढा.
तिकडनं वेगळीच वाटायची. दोन्ही बाजू लिही.
रकाना एकच होता. मी 'पांढरी' लिहिलं.

तुडयेच्या बाजारात धाकलू भेटतो,
चंदगडकडचा, माझ्यासारखाच खाकीतला.
त्याच्या घळीतल्या कॅमेऱ्यात एक मादी, क्रमांक चार,
फाईल मराठीत. त्याला मिळते ती उजवी बाजू.
चहा निवेपर्यंत आम्ही मोबाईल एकमेकांपुढं धरतो,
व्याही आपापल्या लेकीचं कौतुक करतात तसं.
तुझी लाजरी रे, माझी बघ कशी धीट.
माझी पहाटे जाते, तुझी?
माझी रात्री.

फाल्गुनात ती विहिरीत पडली.
काजूच्या बागेतली, बिनकठड्याची विहीर.
पाणी कर्नाटकाचं, मोटारीची वायर पलीकडनं आलेली,
त्यामुळं दोन्हीकडची माणसं आली.
पोरं दगड घेऊन, पोरं मोबाईल घेऊन.
ठकूबाई आली काठी घेऊन
आणि पोरांच्याच पोटऱ्यांवर चालवली तिनं ती:
सरका माघारी, बाई माणूस भिजलंय आत.

बाजलं सोडलं दोरखंडानं. ती त्यावर चढली,
कानांमागं पाणी, डोळे कुणावरच नाहीत.
डॉक्टरनं सुई मारली. ताडपत्रीवर निजवली.
चुलीचे तीन दगड मी लगेच ओळखले.
अकरा, मी म्हणालो, माझी अकरा.
पट्टा बांधायला डॉक्टर म्हणाला, कूस बदला.
चौघांनी अलगद उलटी केली
आणि धाकलू मटकन खाली बसला.
मष्णू, तो म्हणाला, ही चार.

अंधार पडता पडता ती उठली,
दोनदा अडखळली, मग नीट चालत गेली.

आता दोन्ही ऑफिसांत यादी एक करायचीय.
एक कमी भरते.
साहेब फोनवर विचारतात, मेली काय?
नाही सर.
पळाली?
नाही सर.
मग गेली कुठं?
इथंच आहे सर.
शेवटचा रकाना 'कारण'.
त्यात काय भरायचं, मला कन्नडात सुचत नाही
आणि मराठीत विचार करून बघितला, तिथंही नाही.

धाकलूनं त्याचा कॅमेरा आणून
माझ्यासमोरच्या ऐनाला बांधलाय, कुणाला न विचारता.
बांधून परतताना वाटेत ठकूबाई भेटली.
भरपाईचं काय झालं म्हणाली.
म्हटलं, कुठल्या राज्याच्या वाघानं खाल्ली
ते ठरायचंय अजून.
ती हसली नाही.
मी आपला सांगत बसलो, यादी, रकाना,
एक कमी कशी झाली ते.
तिनं सगळं ऐकून घेतलं, काठी काखेत धरून.

जागा मोकळी आहे नव्हं तुझ्या कागदात, म्हणाली,
मग बकुळी लिही माझी.
तीबी कमीच झाली की.